तलावाच्या तळातला रेस ट्रॅक: केजची तीन दिवसांची सफर

सुहासला मी आधी फक्त "शनिवार-रविवार मराठवाड्यात जाऊन येऊ" एवढंच सांगितलं होतं. मोटरसायकलच्या शर्यती बघायला चाललोय हे सांगितलं ते शिक्रापूर ओलांडल्यावर. माझ्या नवऱ्याला जुनी मंदिरं आवडतात, शांतता आवडते आणि धुळीने त्याला शिंका येतात. त्याने माझ्याकडे बघितलं, खिडकीची काच वर केली आणि म्हणाला, "वाटेत एखादं मंदिर तरी आहे का?" धर्मापुरीचं आहे म्हटल्यावर तो थोडा निवळला.

मला शर्यतींचं वेड कॉलेजपासून आहे. देशातले दोन मोठे डांबरी ट्रॅक मी पाहिलेत आणि परदेशातल्या शर्यतींसाठी रविवारी दुपारचे पाहुणे टाळलेत. पण आमच्या गॅरेजमधल्या मूळच्या केजच्या मेकॅनिकने मोबाईलवर जो व्हिडिओ दाखवला तसलं काही कधी बघितलं नव्हतं. कोरड्या पडलेल्या पाझर तलावाच्या तळातून गाड्या सुसाट चाललेल्या, तलावाच्या बांधावर माणसं बसलेली आणि मागे निवांत चरणारी मेंढरं. "आमच्याकडचा सर्किट हाय ताई," तो म्हणाला. "पावसाळ्यात ह्याच्यावर दोन पुरुष पाणी असतंय." त्याच संध्याकाळी मी शर्यतीची तारीख विचारली, ती रविवारची निघाली, आणि सोमवारची सुट्टी टाकायची गरज नाही असं ठरवलं. ते चुकलं, पण ते पुढे.

पुण्याहून शिक्रापूर, श्रीगोंदा, जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा आणि मग केज, असा सरळ रस्ता आहे. चहा-जेवणासकट सात तास धरा. रस्ता बराचसा चांगला आहे. सौताड्याच्या आसपास वळणं आहेत, तिथे उसाचे आणि कडब्याचे ट्रॅक्टर सांभाळा. एप्रिलमध्ये जाणार असाल तर पाणी भरपूर घ्या. मांजरसुंब्याच्या चौकातल्या धाब्यावर आम्ही ज्वारीची भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चटणी इतकी तिखट होती की सुहासला धुळीशिवायच शिंका आल्या. केजला बसस्टँडजवळच्या लॉजवर बाराशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. स्वतःची गाडी नसेल तरी अडचण नाही. केजपर्यंत एसटी येते आणि पुढे धारूरच्या रस्त्याला जीपा चालू असतात.

ज्या गावात हा ट्रॅक आहे त्याचं नाव मी लिहीत नाहीये. नानांनीच तसं सांगितलं. "नाव छापलं की गर्दी वाढती, गर्दी वाढली की मला तहसीलला चकरा. ज्येला यायचंय त्येनं केजला कुनालाबी इचारावं."

नाना म्हणजे हा ट्रॅक आखणारे बागायतदार. वय सत्तरीच्या आसपास, धिप्पाड अंग, पांढऱ्याशुभ्र मिशा आणि आवाज असा की माईक त्यांना शोभेपुरता लागतो. शनिवारी ऊन उतरल्यावर आम्ही पोचलो तेव्हा ते ट्रॅक्टरवर उभे राहून रोलर फिरवणाऱ्यावर ओरडत होते. मी पुण्याहून फक्त ट्रॅक बघायला आले म्हटल्यावर ते ट्रॅक्टरवरून उतरले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "मग गाडीतून न्हाई, चालत बघा. चला."

त्या चालण्यात मला ट्रॅकचा इतिहास कळला. हा तलाव दुष्काळी कामावर खोदलेला. पाणी हटलं की तळाची जमीन सपाट आणि मऊ व्हायची, म्हणून गावाचा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, इथेच भरायचा. नानांच्या बैलजोडीचं तालुक्यात नाव होतं. पुढे बैलांच्या शर्यतींवर बंदी आली आणि मैदान ओस पडलं. मग पोरांनी त्याच सरळ पट्ट्यात मोटरसायकली पळवायला सुरुवात केली.

"बैल थकला की थांबतो ताई," नाना म्हणाले. "मोटारसायकल थांबना. पट्टा संपला की म्होरं बांधाचे दगड. एका पोराचा पाय मोडला. मी म्हणलं, बे, ह्येला गोल करा. सरळ रस्त्याला शेवट असतो, गोलाला न्हाई."

मग त्यांनी ट्रॅक्टरच्या मागे फक्कीचं पोतं भोक पाडून बांधलं आणि चालवत गेले. पडलेली पांढरी रेघ म्हणजे पहिला ट्रॅक. तो दरवर्षी पावसात बुडतो, गाळाखाली जातो, आणि उन्हाळ्यात पाणी हटलं की पुन्हा आखावा लागतो. तळ दरवर्षी थोडा बदलतो म्हणून ट्रॅकही थोडा बदलतो. बैलांच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या, पण त्या आता दुसऱ्या माळावर भरतात.

आकार वाकड्या भोपळ्यासारखा आहे. बांधाच्या पायथ्याशी मुरमाचा स्टार्ट, आणि बांधाचा दगडी उतार हीच प्रेक्षकांची गॅलरी. तिथून उजवीकडे बाभळीचं वळण. मग काळ्या गाळाचा लांब सरळ पट्टा, ज्याच्या भेगा बुजवायला पाणी मारून आठवडाभर रोलर फिरतो. त्यानंतर सांडव्याचा उंचवटा, जिथे गाडीची दोन्ही चाकं जमीन सोडतात. आणि त्याच्या पलीकडे लगेच डावीकडे एक झपकन येणारं वळण, जे उंचवट्यामुळे मागून येणाऱ्याला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. त्याला "सासुरवाडी" म्हणतात.

"सासुरवाडी कावून?" सुहासने विचारलं. अर्ध्या तासातच तो तिकडची भाषा बोलायला लागला होता.

"तिथं गेलेला माणूस लवकर उठून येत न्हाई," नाना म्हणाले आणि स्वतःच मोठ्याने हसले. मग एकदम गंभीर होऊन त्यांनी वळणाच्या बाहेर रचलेल्या पाचटाच्या गठ्ठ्यांना लाथ मारून बघितली. "हातपाय मोडलेत पोरायचे. पर जीव न्हाई गेला कुनाचा. एकाचाबी न्हाई."

त्या एका गोष्टीचा त्यांना जितका अभिमान होता तितका बैलजोडीचाही नव्हता.

सासुरवाडीच्या पुढे, तलावाच्या सगळ्यात खोल भागात, हिरवट पाण्याचा एक डोह शिल्लक होता. काठावर बिरूभाऊ घोंगडी अंथरून बसले होते. त्यांचं कुटुंब पिढ्यान्पिढ्या मेंढरं राखतं आणि तळ उघडा पडला की कळप इथेच असतो. ट्रॅक आखताना त्यांचा नि नानांचा एक करार झालेला आहे. रेघ कुठूनही जाईल, पण डोहाच्या पाण्याला हात लावायचा नाही. ट्रॅकवर मारायचं पाणी टँकरने बाहेरून आणायचं.

"गाड्यांच्या आवाजाने मेंढरं बिचकत नाहीत?" मी विचारलं.

"पैल्या वर्षी पळालती," बिरूभाऊ म्हणाले. "आता त्येच बघत बसतेत."

रविवारी सकाळी शब्द दिल्याप्रमाणे आम्ही धर्मापुरीला गेलो. अंबाजोगाईवरून दीडेक तास लागतो. मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरच्या दगडी मूर्ती सकाळच्या उन्हात बघाव्यात. सुहास एका कोपऱ्यापुढे इतका रमला की मला त्याला हाताला धरून गाडीत बसवावं लागलं. जाण्याआधी केजमध्ये सुशीला नक्की खा. चुरमुरे भिजवून केलेला हा नाश्ता पुण्यात कुणी असा करत नाही.

दुपारी ट्रॅकवर परतलो तर बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. प्रवेश फुकट आहे. छत्री किंवा टोपी, आणि बसायला काहीतरी जाड न्या, दगड तापलेले असतात. गाळपेरीतली, म्हणजे पाणी हटलेल्या गाळात पिकवलेली, काकडी आणि टरबुजं विकणाऱ्या बायका उतारावरून फिरत असतात, त्यावर सगळी दुपार निघते. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी मला कोण कुठला ते समजावलं. लाल हेल्मेटवाला फारूक, केज-धारूर जीप चालवतो, कमी बोलतो. पिवळ्या जर्सीतली अश्विनी, दिंद्रुडची, माजलगावला दवाखान्यात नर्स आहे.

"पोरगी लई फास्ट हाय," आजोबा म्हणाले. "मागच्या साली गळपट्टीचं हाड मोडलतं. बघा, आली का न्हाई परत!"

प्राथमिक फेऱ्या बघताना मी ओरडून घसा बसवला. डांबरी ट्रॅकवर गाडी रेघ पकडून जाते. इथे मागचं चाक सतत घसरत असतं आणि ते घसरणं ताब्यात ठेवणं हीच कला. अश्विनी बाभळीच्या वळणावर उजवा पाय जमिनीला जवळजवळ टेकवून गाडी अशी आडवी घालायची की मी दर वेळी डोळे मिटून घ्यायचे. दोन्ही फेऱ्या तिने जिंकल्या. फायनलमध्ये तिच्याविरुद्ध फारूक आणि आणखी सहाजण होते.

आणि तेव्हाच वारा सुटला.

आधी नुसत्या झुळका होत्या. मग काळ्या पट्ट्यावरून वावटळ उठली आणि सांडव्यापलीकडचा ट्रॅकच दिसेनासा झाला. पाणी मारायला दोन टँकर होते. त्यातला एक ज्या विहिरीवर भरायचा तिथली मोटार दुपारी जळाली होती. उरलेला टँकर फेरी मारून जायचा आणि तो परत येईपर्यंत ऊन-वाऱ्याने माती पुन्हा भुसभुशीत व्हायची. गाड्या स्टार्टला उभ्या राहिल्या, इंजिनं गुरगुरली, लोक उभे राहिले. नाना हातातला झेंडा खाली धरून सांडव्याकडे बघत राहिले.

मंचावर बक्षीस द्यायला आलेले तालुक्यातले एक पुढारी होते. सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणत होते. त्यांना पुढे एका लग्नाला जायचं होतं. माईक चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळं अख्ख्या बांधाने ऐकलं.

"नाना, उरकून टाका की. दोन मिनिटायचा खेळ हाय."

"साहेब, सासुरवाडीत पोरायला एकमेकाचं चाक दिसंना."

"धूळ काय पैल्यांदा उडाली का? लोक तासाभरापासून बसलेत."

"बसू द्या. एक पोरगं पडलं तर मागचे सात त्येच्या अंगावरून जातील. दिसल्याबिगर मी झेंडा हाणणार न्हाई."

बांधावरून शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी ओरडलं, "डोहातलं पाणी घ्या की!" आणि मग ते सगळीकडून ऐकू यायला लागलं. डोह... डोह. साहेबांनीही मान हलवली. "बरोबर हाय. एक टँकर घेतल्यानं काय तळं आटतंय?"

बिरूभाऊ गर्दीच्या कडेला उभे होते. एवढ्या माणसांचे डोळे आपल्याकडे वळलेले बघून त्यांनी डोक्यावरचा पटका सारखा केला. "पाऊस लागंस्तोवर माझी मेंढरं ह्याच्यावरच हायेत," ते म्हणाले. आवाज लहान होता, माईकमध्ये कसाबसा आला. "पर गावाचं म्हणणं असंल तर..."

"गावाचं काय म्हणणं न्हाई," नाना कडाडले. "त्या पाण्याला हात लागणार न्हाई. फायनल उद्या सकाळी दिस उगवायला. वारा नसतो, रातभर एका टँकरानंबी माती बसंल. ज्येला बघायचंय त्येनं यावं."

आता शिट्ट्यांच्या शिव्या झाल्या. रिकामी बाटली नानांच्या पायाशी येऊन पडली. साहेब उठले, हात जोडल्यासारखे केले आणि गाडीत बसून निघून गेले. त्यांच्यामागे मंडपवाल्याने खुर्च्या गोळा करायला सुरुवात केली. पण सगळ्यात जास्त चिडली होती अश्विनी. हेल्मेट काढून ती तरातरा नानांपुढे आली. धुळीने भरलेल्या चेहऱ्यात तिचे डोळे लाल झाले होते.

"नाना, उद्या माझी सकाळची ड्युटी हाय. तुमाला म्हाईत हाय. वरीसभर ह्याच्यासाठी हाड जुळवलं मी. कावून असं करता?"

"दिस उगवता सुरू करतो. येळंवर सोडीन तुला."

"मी धुळीला भेत न्हाई!"

"मी भेतो," नाना म्हणाले.

ती वळली आणि गाडी ढकलत निघून गेली. ती सकाळी येणार की नाही कुणालाच कळलं नाही. नाना झेंड्याची काठी जमिनीत रोवून एकटेच उभे होते. इतक्या माणसांत त्यांच्याजवळ जायला कुणी धजलं नाही. शेवटी बिरूभाऊ गेले. त्यांच्या शेजारी उभे राहिले.

मी सुहासकडे बघितलं. सोमवारी दोघांनाही ऑफिस होतं. तो रुमालाने नाक पुसत म्हणाला, "लॉजवाल्याला फोन कर. आणखी एक रात्र म्हणून सांग." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य मला अपेक्षित नव्हतं.

सोमवारी पहाटे पोचलो तेव्हा हवा इतकी स्थिर होती की बिरूभाऊंच्या चुलीचा धूर सरळ काठीसारखा वर जात होता. आदल्या दिवशी जिथे पाय ठेवायला जागा नव्हती तिथे आता मोजकी माणसं, बरीचशी स्पर्धकांच्या घरची. मंडप गेलेला, माईक गेलेला. नानांच्या सूनबाईंनी दुधाच्या कॅनमधून चहा आणला होता, तो सगळ्यांना मिळाला. नाना रात्रभर टँकरबरोबर होते, डोळे सुजले होते. माती गडद ओली दिसत होती आणि तिचा वास येत होता. सांडव्यापलीकडचा एकेक पाचटाचा गठ्ठा स्पष्ट दिसत होता.

सात गाड्या आल्या. नाना वारंवार दिंद्रुडच्या बाजूला बघत होते. सूर्याची कड वर आली तशी आठवी आली. अश्विनीने जर्सीच्या आत दवाखान्याचा पांढरा ड्रेस घातला होता, कॉलर वर आली होती. तिने नानांकडे बघितलं नाही. सरळ रांगेत जाऊन उभी राहिली.

झेंडा पडला.

मी मोठमोठ्या शर्यती बघितल्यात, पण इतक्या जवळून आणि इतक्या स्वच्छ हवेत कधी नाही. प्रत्येक इंजिनाचा वेगळा आवाज ओळखू येत होता. अश्विनीने बाभळीच्या वळणावरच पुढची जागा घेतली. फारूक तिच्या मागच्या चाकाला चिकटून. सरळ पट्ट्यात तो बाहेरून शेजारी यायचा, सांडव्यावर दोघं बरोबर हवेत जायची, आणि सासुरवाडीत ती आतून त्याला पुन्हा मागे टाकायची. असं तीनदा झालं. मी सुहासचा दंड धरला होता. तोही ओरडत होता, माझ्यापेक्षा मोठ्याने.

शेवटच्या फेरीला मी कॅमेरा वर केला, आणि ती सांडव्यावरून जरा जास्तच वेगात उडाली. गाडी तिरकी उतरली. पुढचं चाक वळलं आणि ती सासुरवाडीच्या ऐन तोंडाशी आडवी झाली. ट्रॅकच्या बरोबर मध्यावर. गाडी तिच्या पायावर.

बांधावरची सगळी माणसं उठून उभी राहिली.

सांडव्याच्या माथ्यावर कडेला उभ्या असलेल्या पोराने पिवळा झेंडा फडकवला आणि मागून येणाऱ्यांना तो दिसला. सांडव्यावर चढतानाच दिसला. फारूकने हवेतच अंग डावीकडे टाकलं आणि तिच्या हेल्मेटपासून हातभर अंतरावरून गेला. दुसरा उजवीकडून. तिसऱ्याने ब्रेक दाबून गाडी पाचटात घातली. बाकीचे वेग कमी करत, एकामागोमाग एक, दगडाला वळसा घालणाऱ्या पाण्यासारखे तिच्या दोन्ही बाजूंनी निघून गेले.

ती काही क्षण तशीच पडून राहिली. मग तिने पाय सोडवला, उठली, गाडी उभी केली. दोनदा किक मारल्यावर इंजिन सुरू झालं. तिने फेरी पूर्ण केली, सगळ्यांच्या मागून, उभ्यानेच चालवत. फारूक जिंकला होता, पण तो रेघेपलीकडे थांबून मागे बघत होता आणि ती येईपर्यंत त्याने हेल्मेट काढलं नाही.

मी नानांना शोधलं. ते स्टार्टजवळ मातीत बसले होते. पाय पसरून, झेंडा मांडीवर, तोंडावर हात. अश्विनी लंगडत त्यांच्यापर्यंत गेली आणि समोर उकिडवी बसली. पांढऱ्या ड्रेसची बाही कोपरापाशी फाटली होती.

"नाना," ती म्हणाली. "काल..."

"गप," नाना म्हणाले. त्यांनी तिचं कोपर हातात घेऊन वळवून बघितलं, उपरण्याने माती पुसली. "हालवून दाखव." तिने हलवून दाखवलं. "बरं. ऊठ आता. ड्युटीला उशीर हुईल."

तिने वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि गेली. बक्षीस समारंभ असा झालाच नाही. फारूकच्या गळ्यात बिरूभाऊंनी आपलं घोंगडं टाकलं, सगळे हसले, आणि थोड्या वेळाने तो जीपच्या पहिल्या फेरीला निघून गेला.

परतीच्या वाटेवर पाटोदा मागे पडल्यावर सुहास म्हणाला, "डोहाचं पाणी घेतलं असतं तर काल शर्यत झाली असती. आणि कुणाला काही वाटलंही नसतं."

"बिरूभाऊंना वाटलं असतं."

"हो. पण ते बोलले नसते."

तुम्हाला जायचं असेल तर होळीनंतर केजला चौकशी करा. पाणी कधी हटेल त्यावर तारीख ठरते, त्यामुळे आधीपासून काही पक्कं करता येत नाही. एक दिवस हाताशी जास्त ठेवा. आणि सोमवारची सुट्टी आधीच टाका.

ऑफिसात सगळे विचारतात, जिंकलं कोण? मी फारूकचं नाव सांगते. मग फोटो मागतात. जिंकणाऱ्याचा फोटो माझ्याकडे नाही. मी घेतलेला एकच धड फोटो आहे. मधोमध आडवी पडलेली पिवळ्या जर्सीतली पोरगी, तिच्या दोन्ही बाजूंना वळत चाललेल्या गाड्या, आणि प्रत्येक हेल्मेट तिच्याकडे झुकलेलं. सगळ्यांचे हात, चाकं, मागचे पाचटाचे गठ्ठे, अगदी पलीकडची मेंढरंसुद्धा मोजता येतील इतकी स्पष्ट दिसतात. लोक म्हणतात, कॅमेरा चांगला दिसतोय तुझा. कॅमेरा साधाच आहे. त्या फोटोत धूळ नाही, एवढंच.